सात आठे किती? पहिल्यापासून नको, थेट सांग

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो, तसंच बहुतेक ठेवलंय.)

कोणी बसमध्ये असेल, कोणी मेसच्या रांगेत, कोणी रूमवर भांडी घासत ऐकत असेल. जिथं असाल तिथं एक छोटी परीक्षा. मी विचारतो, तुम्ही मनात उत्तर द्या. सात आठे?

ज्यांना पटकन छप्पन्न आलं, त्यांचं बरंय. पण काहींनी मनातल्या मनात सात पाचे पस्तीस, सात सक बेचाळीस असा जिना चढायला घेतला असणार. आजचा विषय हा जिनाच आहे. घरी शिकणाऱ्या लेकरांचे पाढे आणि बेरजा पक्क्या कशा करायच्या, आणि त्यात तुमचा-माझा, म्हणजे घरातल्या फोनवाल्या मोठ्या भावंडांचा काय उपयोग, ते आज बोलू.

आधी "घरी शिकणारी" म्हणजे कोण, ते सांगतो. होमस्कूलिंग म्हटलं की पुण्या-मुंबईतलं, ठरवून शाळेत न घातलेलं मूल डोळ्यासमोर येतं. अशी घरं आहेत, आणि त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाच्या परीक्षाही आहेत. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरी शिकणं बहुतेक वेळा कोणी ठरवलेलं नसतं. ते अंगावर येतं. दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटतात. कळंब, वाशी, भूम या भागांतून टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरू कधी सोबत फडावर जातं, कधी आज्जीजवळ राहतं. शाळा बदलता यावी म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं, काही गावांत हंगामी वसतिगृहं असतात. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. हे सगळं असूनही चार-पाच महिने काही लेकरांची शाळा म्हणजे खोपीपुढचं अंगण, नाहीतर आज्जीचा ओटा. आणि २०२० च्या मार्चमध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या तेव्हा तर सगळ्यांचीच लेकरं घरी शिकायला लागली. म्हणजे हा विषय मूठभर लोकांचा नाही.

आता मुख्य गोष्ट. "आमच्या पोराला बारापर्यंत पाढे पाठ आहेत," असं घरचे अभिमानानं सांगतात. पोरगंही डोळे मिटून, डोलत, एका दमात सातचा पाढा म्हणून दाखवतं. मग आपण मध्येच विचारतो, सात आठे? पोरगं थांबतं, ओठ हलवत परत सात एके सातपासून सुरू करतं. याचा अर्थ त्याला एक गाणं पाठ आहे. गाण्याची सातवी ओळ सांग म्हटलं तर आपणही सुरुवातीपासूनच गुणगुणतो की. त्यात चूक काही नाही. पण भागाकार करताना, अपूर्णांक सोडवताना दर वेळी गाणं पहिल्यापासून लावायला लागलं तर डोकं तिथंच दमतं. मूळ गणितात काय चाललं होतं, ते तोवर हातातून सुटतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत एवढंच म्हणतो, माहिती साठवलेली असणं वेगळं आणि हवी तेव्हा हवी ती थेट सापडणं वेगळं. पाढे म्हणून घेतल्यानं पहिलं होतं. दुसऱ्यासाठी वेगळं काम करावं लागतं, आणि ते रोज पाच-सात मिनिटांचंच आहे.

एवढी धडपड कशाला, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे की, असं कोणी म्हणेल. दोन उदाहरणं देतो.

पहिलं नवोदयचं. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे. पाचवीतली मुलं सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा देतात. त्यात अंकगणिताचे २० प्रश्न आणि त्या भागाला साधारण अर्धा तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. वाचायचं, समजायचं, सोडवायचं, गोल काळा करायचा. तिथं फोन नाही. ज्याला सात आठे थेट येतं त्याच्याकडे विचार करायला वेळ उरतो. बाकीच्यांचा वेळ जिन्यातच जातो.

दुसरं उदाहरण घरातलं. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला साधारण २७३ रुपये होते, ते ३६६ च्या आसपास गेले. समजा एका कोयत्यानं आठ टन तोडला. तोडणीचे किती झाले? आठ गुणिले तीनशे, चोवीसशे. आठ गुणिले साठ, चारशे ऐंशी. आठ सक अठ्ठेचाळीस. एकूण २,९२८. यात फक्त दोन गोष्टी पाठ लागल्या, आठ त्रिक चोवीस आणि आठ सक अठ्ठेचाळीस. उचल घेतलेली असते, फिटली किती, राहिली किती हे मुकादमाच्या वहीत असतं. त्या वहीसमोर बसलेल्या आईबापाच्या बाजूला दहा वर्षांची पोरगी उभी असेल आणि तिला हा हिशेब तोंडी येत असेल, तर त्या बोलण्याचा सूरच बदलतो. कॅल्क्युलेटर कोणाच्या हातात आहे, यावर मग सगळं अवलंबून राहत नाही.

आता, पाठ करायचं तरी किती? इथं जरा दिलासा देतो. एक ते दहाचे पाढे म्हणजे १०० उत्तरं. एक आणि दहाचा पाढा पाठ करावा लागत नाही, ते सोडा. उरले दोन ते नऊ. आता सात आठे आणि आठ साते एकच. ही जोडी एकदा पटली की उरतात फक्त ३६ गुणाकार. पटवायचं कसं? अंड्यांचा ट्रे घ्या. पाच ओळी, प्रत्येकीत सहा, तीस अंडी. ट्रे आडवा फिरवा, सहा ओळी, प्रत्येकीत पाच. अंडी तेवढीच. दोनदा फिरवला की लेकराला कळतं.

त्या ३६ मधून दोनचा पाढा काढा, ती नुसती दुप्पट आहे. पाचचा काढा, तो बहुतेकांना सोपा जातो. उरले २१. नऊचा पाढा दहातून एकदा वजा करून येतो. नऊ साते म्हणजे दहा साते सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट. तोही काढला की उरतात १५. फक्त पंधरा! तीन, चार, सहा, सात, आठ या पाच आकड्यांचे आपसातले गुणाकार. लिहून घ्या: तीन त्रिक, तीन चोक, तीन सक, तीन साते, तीन आठे. चार चोक, चार सक, चार साते, चार आठे. सहा सक, सहा साते, सहा आठे. सात साते, सात आठे. आणि आठ आठे. संपलं. "बारापर्यंत पाढे पाठ कर" हे ऐकून लेकराच्या पोटात गोळा येतो. "या पंधरा चिठ्ठ्या" म्हटलं तर त्याला शेवट दिसतो.

पण त्याआधी एक तपासा. बेरीज थेट येते का? आठ आणि सात पंधरा हे बोटांवर मोजावं लागत असेल तर पाढ्यांची घाई नको. दहाच्या जोड्या आधी पक्क्या करा: एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. मग आठ आणि सात म्हणजे आठला दोन दिले, दहा झाले, सातातले पाच उरले, पंधरा. बोटं वापरली म्हणून ओरडू नका. बोटं ही पायरी आहे, जोड्या पक्क्या झाल्या की आपोआप सुटतात.

आता आपल्या मराठीची एक गंमत आणि एक अडचण. ५६ लिहिताना आधी पाच लिहितो, पण बोलताना आधी छ येतो, छप्पन्न. ६३ म्हणताना आधी त्रे. म्हणून लेकरू छप्पन्न ऐकतं आणि ६५ लिहितं. ४९ तर अजून अवघड. एकोणपन्नास, म्हणजे पन्नासला एक कमी. कानावर पन्नास पडतो आणि लिहायचे चार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्या वादात मी पडत नाही. पण अडचण खरी आहे, हे घरी शिकवणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं. कारण लेकराला गुणाकार आलेला असतो आणि आकडा लिहिताना चुकतो, आणि आपण म्हणतो पाढा येत नाही. दोन्ही चुका वेगळ्या आहेत. उपाय सोपा. उत्तर दोनदा म्हणून घ्या: "छप्पन्न. पन्नास आणि सहा." "त्रेसष्ट. साठ आणि तीन." पहिले काही दिवस हे केलं की कान आणि हात जुळतात.

आता पद्धत. ती माझी नाही. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी भराभर विसरतं, मग हळूहळू. आणि मध्ये वेळ सोडून पुन्हा आठवलं की टिकतं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. प्रयोग उताऱ्यांवरचा होता, पाढ्यांवरचा नव्हे. पण आपल्या कामाचं त्यातून एवढंच घ्यायचं की लेकराकडून म्हणून घेण्यापेक्षा त्याला विचारा. आणि रविवारी एक तास बसवण्यापेक्षा रोज पाच-सात मिनिटं विचारा.

यासाठी सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं १९७२ मध्ये चिठ्ठ्यांच्या डब्यांची एक युक्ती लोकांपुढे आणली. आपल्याला तिची साधी आवृत्ती पुरे. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतातच. त्या कापून पंधरा चिठ्ठ्या करा. पुढे ७ × ८, मागे ५६. तीन डबे घ्या, बिस्किटाचे, तंबाखूचे, कसलेही. पहिला डबा रोज. दुसरा एक दिवसाआड. तिसरा फक्त बाजाराच्या दिवशी. चिठ्ठी बरोबर आली की पुढच्या डब्यात. चुकली की परत पहिल्यात. रोज नव्या चिठ्ठ्या दोनच. म्हणजे आठ दिवसांत पंधराही चिठ्ठ्या खेळात येतात, आणि पुढचे पाच-सहा आठवडे त्या फक्त मुरतात.

विचारायचं कसं, यालाही नियम आहेत. चिठ्ठ्या पिसून घ्या, क्रमानं नको. मनात तीन आकडे मोजा. तेवढ्यात आलं तर "आलं". मोजून, जिना चढून आलं तर बरोबर आहे म्हणा, पण चिठ्ठी त्याच डब्यात राहू द्या. चुकलं तर लगेच उत्तर सांगा, त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या, आणि दोन चिठ्ठ्यांनंतर तीच परत विचारा. घड्याळ लावून शर्यत नको. धाकट्याला थोरल्याशी लढवू नका. आणि टपली तर अजिबात नको. घाबरलेल्या लेकराला येत असलेलंही आठवत नाही, हे आपल्याला फळ्यासमोर उभं राहून माहीतच आहे.

आता प्रश्न येतो, घरी विचारणार कोण? आईबाप फडावर, घरात आज्जी, आणि आज्जीला वाचता येत नाही. चालतंय. आज्जीला चिंचोके द्या. लेकरानं चिठ्ठी वाचायची, "सहा साते", उत्तर सांगायचं, "बेचाळीस". मग सात-सात चिंचोक्यांच्या सहा ओळी मांडून मोजून दाखवायचं. आज्जीचं काम एकच, बरोबर मोजतंय का ते बघायचं. आज्जीचे हिशेब तोंडी असतात, तिला फसवणं सोपं नाही.

आणि आजोबा असतील, तर अजून मजा. जुन्या शाळेत शिकलेल्या माणसांना नुसते तीसपर्यंत पाढेच नाही, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! आजच्या लेकराला हे सगळं पाठ करायला लावू नका, रुपया-आण्याचे दिवस गेले. पण आजोबांना एकदा विचारा, अडीच गुणिले सात किती? ते साडेसतरा म्हणतील आणि पोरगं तोंड उघडं ठेवून बघत राहील. घरातच अशी माणसं आहेत हे कळलं, की पाढे ही फक्त शाळेची कटकट राहत नाही.

आता तुमची पाळी. तुम्ही पुण्यात, हैदराबादला, कुठंही असा. भाची वाशीला आहे, चुलतभाऊ परंड्याला आहे, संध्याकाळी घरात कोणाचा तरी फोन असतो. तुम्ही पंधरा व्हॉइस नोट करा. "सात आठे?" मग तीन सेकंद गप्प. मग "छप्पन्न. पन्नास आणि सहा." एवढंच. एक नोट दहा सेकंदांची. एकदा डाउनलोड झाल्या की फडावर रेंज नसली तरी वाजतात. साधा फोन असेल तर सरळ कॉल करा, पाच मिनिटं विचारा आणि मग "आईला दे" म्हणा. ॲपच हवं असेल तर अँकी नावाचं आहे, अँड्रॉइडवर फुकट आहे, मराठीत चिठ्ठ्या करता येतात, आणि कुठली चिठ्ठी कधी दाखवायची ते तेच ठरवतं. पण खरं सांगू, मी रोज कोड लिहितो तरी या कामाला नवं ॲप लागतं असं मला वाटत नाही. रंगीबेरंगी खेळात फोन लेकराच्या हातात जातो, आणि दोन मिनिटांत तिथं रील चालू होतं. आवाज पुरे. तुमचा आवाज असेल तर जास्तच पुरे. मामा रोज विचारतो, हे लेकराला बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

एक सावधगिरी. पाठ झालं म्हणजे गणित आलं असं नाही. दर तीन-चार दिवसांनी एक गोष्ट विचारा. "एका पेंढीचे आठ रुपये, सात पेंढ्या घेतल्या, शंभराची नोट दिली, परत किती?" इथं छप्पन्न आठवायचे आहेत, आणि कशासाठी आठवायचे हेही कळायचं आहे. उलटंही विचारा: "छप्पन्न चिंचोके सात जणांत वाटले, प्रत्येकाला किती?" पाढा असा दोन्ही बाजूंनी फिरला की भागाकार वेगळा शिकवावा लागत नाही.

कारखाने साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. तोवर लेकरू शाळेबाहेर असेल, तर जूनमध्ये ते वर्गात परत बसेल तेव्हा गुरुजी भागाकारावर गेलेले असतील. पंधरा चिठ्ठ्या पक्क्या असतील तर ते त्या वर्गात टिकेल. नसतील तर मागच्या बाकावर जाईल, आणि तिथून पुढचा रस्ता कुठं जातो हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. चार-पाच महिने भरपूर वेळ आहे. सहा आठवड्यांचंच तर काम.

तेव्हा हा भाग संपला की पुढचा लगेच लावू नका. आधी घरी फोन लावा. लेकराला क्रमानं काही म्हणायला सांगू नका. फक्त तीन प्रश्न विचारा: सहा आठे, सात साते, चार साते. कुठं अडलं ते कागदावर लिहून घ्या. त्याच पहिल्या चिठ्ठ्या. उद्या परत त्याच वेळी फोन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.